गोड बोलण्यापलीकडचं काम

‘बोलायला गोड आहे, चारचौघांत बुजत नाही, घाला की तिला पीआरमध्ये!’ बी.ए. झालेल्या मुलीच्या आईला हल्ली हा सल्ला हमखास मिळतो. आमच्या वेळी हाच सल्ला डी.एड.चा असायचा. मग कॉम्प्युटर कोर्सचा आला, ब्यूटी पार्लरचा आला आणि आता पीआरचा, म्हणजे जनसंपर्काचा आलाय. आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात मास कम्युनिकेशनचा विभाग आहे. हॉस्पिटलं, बँका, साखर कारखाने, शिक्षणसंस्था, सगळीकडे आता जनसंपर्कासाठी माणूस लागतो. त्यामुळे आमच्या महिला मंडळात येणाऱ्या आया मला विचारतात, ‘‘ताई, एसीत बसून हसून बोलायचं काम असतंय म्हणे. खरं का ओ?’’

मी काही या क्षेत्रातली नाही. घर सांभाळते आणि उरलेल्या वेळात जमेल तेवढं सामाजिक काम करते. कुणाच्या रेशन कार्डात नाव घालायचं असतं, कुणा विडी कामगार बाईचे कागद पुरे करायचे असतात, कुणाला सिव्हिलला घेऊन जायचं असतं. या कामात रोज कुठल्या ना कुठल्या खिडकीशी उभं राहावं लागतं. खिडकीपलीकडचं माणूस नीट सांगणारं असेल तर बाईचं काम एका खेपेत होतं. नसेल तर तिची तीन दिवसांची मजुरी बुडते. म्हणून मला या कामाबद्दल कुतूहल आहे. या लेखासाठी मी चौघीजणींशी मुद्दाम जाऊन बोलले. चौघीही नोकरीत आहेत, म्हणून त्यांची नावं देत नाही.

कात्रणं, खुलासा आणि क्रम

एका मोठ्या कार्यालयात जनसंपर्काचं काम पाहणारी माझी एक मैत्रीण सकाळी सहाला उठते ती देवाला हात जोडायच्या आधी पेपर हातात घेते. सगळे पेपर चाळायचे, आपल्या कार्यालयाबद्दल कुठं काय छापून आलंय त्यावर खुणा करायच्या, फोटो काढून साहेबांना पाठवायचे. नुसते पाठवून भागत नाही. बातमी खरी आहे, अर्धी खरी आहे की चुकीची, हेही एका ओळीत लिहायचं असतं. त्यासाठी आठच्या आत संबंधित विभागाला फोन लावावे लागतात. ‘‘सकाळी सात वाजता फोन उचलून खरं सांगणारा माणूस प्रत्येक विभागात एक तरी जोडून ठेवावा लागतो,’’ ती म्हणते. ‘‘माझी खरी कमाई तीच आहे.’’

बातमी चुकीची असेल तर ‘खुलासा’ काढायचा. हा शब्द सरकारी भाषेतला, पण खाजगी कंपन्यांतही तोच चालतो. खुलाशात रागवायचं नाही, आडवळणानं लिहायचं नाही. काय चुकलं आणि बरोबर काय, एवढंच सांगायचं. आणि बातमी खरी असेल तर? ‘‘तर खुलासा काढायचा नाही,’’ ती हसून म्हणाली. ‘‘साहेबांना जाऊन सांगायचं की सर, हे खरं आहे, आधी हे दुरुस्त करू. हे सांगायला धाडस लागतं. प्रेसनोट काय, कुणीही लिहील.’’

मग दिवसभराची कामं. कार्यक्रम असेल तर निमंत्रणपत्रिका. त्यात नावांचा क्रम चुकला की महिनाभर निस्तरत बसावं लागतं. व्यासपीठावर खुर्च्या किती, हार किती, सत्कार कुणाच्या हस्ते, सूत्रसंचालन कोण करणार, सगळं तिच्या डायरीत असतं. कार्यक्रम संपला की लोक जेवायला जातात आणि ही कोपऱ्यात बसून प्रेसनोट लिहिते, कारण ती संध्याकाळच्या आत वर्तमानपत्रांच्या कार्यालयांत पोचली पाहिजे. फोटोखालची नावं डावीकडून उजवीकडे नीट लावायची. एखाद्याचं आडनाव चुकलं तर त्या माणसाला बाकी सगळी बातमी खोटी वाटते. तिच्या पर्समध्ये दोन पेनं, चार्जर, सेफ्टी पिना, एक बिस्किटाचा पुडा आणि पाण्याची बाटली कायम असते. पावडर-लिपस्टिकची जागा त्या पुड्यानं घेतली, असं तीच सांगते.

या कामाच्या काही सवयी मला फार आवडल्या. आकडा दोनदा विचारायचा. ‘कोण म्हणालं आणि कधी म्हणालं’ हे लिहून ठेवायचं. माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही, चारपर्यंत विचारून सांगते’ असं म्हणायचं आणि चार वाजता फोन करायचाच, अगदी उत्तर मिळालं नसलं तरी. ‘अजून कळलं नाही, उद्या सांगते’ हेही एक उत्तरच असतं. मैत्रिणींनो, घरातसुद्धा ही सवय लावून घ्यायला हरकत नाही!

रेल्वेच्या अपघातापासून

हा व्यवसाय तसा शंभर-सव्वाशे वर्षांचा. अमेरिकेत १९०६ साली अ‍ॅटलांटिक सिटीजवळ मोठा रेल्वे अपघात झाला. तोपर्यंतची रीत अशी की अपघात झाला की रेल्वे कंपनी तोंडाला कुलूप लावून बसायची. आयव्ही ली नावाच्या सल्लागारानं कंपनीला वेगळं करायला लावलं. काय घडलं ते स्वतःहून लेखी कळवलं आणि पत्रकारांना घटनास्थळी जाऊ दिलं. आजच्या प्रेसनोटची सुरुवात तिथून मानतात. त्याच वर्षी त्यानं आपल्या कामाची तत्त्वंही जाहीर केली. काम उघड करू, माहिती अचूक देऊ, पत्रकारांच्या प्रश्नांना लगेच उत्तर देऊ, असा त्यांचा मथितार्थ. हाच ली पुढं धनाढ्यांची बाजू मांडताना टीकेचा धनी झाला, हेही सांगायला हवं. म्हणजे या धंद्याची दोन्ही तोंडं एकाच माणसात दिसली.

आपल्याकडेही सुरुवात रेल्वेपासूनच झाली. आपल्या सोलापूरला १८६० मध्ये जी आगगाडी आली ती ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे’ची, आपल्या आजोबांच्या तोंडी ‘जीआयपी’ असायची ती. याच कंपनीनं १९२० च्या दशकात लोकांनी प्रवासाला निघावं म्हणून प्रसिद्धीचा स्वतंत्र विभाग काढला आणि जत्रांतून, मेळ्यांतून फिरता सिनेमा दाखवला. पुढं १९५८ मध्ये ‘पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था उभी राहिली. १९६८ मध्ये २१ एप्रिलला दिल्लीत या क्षेत्रातल्या लोकांची अखिल भारतीय परिषद झाली आणि त्यांनी आचारसंहिता स्वीकारली. म्हणून २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन पाळतात.

आचारसंहिता असणं ही चांगलीच गोष्ट. पण ती खरी ठरते की नाही, हे परिषदेत कळत नाही. आपल्या गल्लीतल्या नळावर कळतं.

पाणी, नीळ्ळू, नीरू, पानी

सोलापूरच्या बाईला जनसंपर्क म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकवायची गरज नाही. ‘पाणी कधी येणार?’ या एका प्रश्नावर तिची सगळी परीक्षा झालेली असते. या गावानं वर्षानुवर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी भरलंय. दिवस ठरलेला, पण वेळेचा भरवसा नाही. पहाटे तीनला येईल म्हणून उठून बसावं, तर पाणी सकाळी दहाला. दहाला येईल म्हणून कामावरून सुट्टी घ्यावी, तर पहाटेच येऊन गेलेलं. विडी वळणाऱ्या बाईचा एक दिवस नळापाशी गेला की त्या दिवसाच्या विड्या कमी होतात आणि कारखान्यात मजुरी तेवढीच कमी मिळते. वेळ चुकीची कळवली गेली, तर तिची किंमत अशी कुणीतरी पदरातून मोजत असतं.

त्यात आपलं गाव चार भाषांचं. घराघरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू. पाणी म्हणा, नीळ्ळू म्हणा, नीरू म्हणा, पानी म्हणा, नळ एकच. पण ‘तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा विस्कळीत होण्याची शक्यता असून नागरिकांनी सहकार्य करावे’ हे वाक्य यातल्या कुठल्याच भाषेत कुणी बोलत नाही. अशोक चौकातली एक आजी मला म्हणाली, ‘‘विस्कळीत म्हंजे येतंय का नाही ते सांग की गं बाई!’’ मी ज्या चौघींशी बोलले त्यातली एक घरी तेलुगू बोलणारी आहे. तिनं सांगितलं, की पत्रक लिहिलं की ती ते आधी आपल्या आईला वाचून दाखवते. आईला कळलं नाही तर पुन्हा लिहिते. मला वाटतं, कुठल्याही जाहिरात कंपनीला याहून चांगली कसोटी सापडायची नाही.

उन्हाळ्यात आणखी एक आकडा आपल्याला घाबरवतो, तो म्हणजे उजनीचा ‘उणे’. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या घरात गेलं. शून्याखाली गेलं म्हणजे पाणी संपलं, असंच बायकांना वाटलं. आमच्या मंडळात एकीनं विचारलं, ‘‘धरणात पाणीच नाही तर नळाला येतंय कुठनं?’’ प्रश्न अगदी रास्त होता. खरी गोष्ट अशी, की उजनीत एकूण साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ६३.६६ टीएमसी तळाचं, त्याला मृतसाठा म्हणतात, आणि त्याच्या वरचं ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी काढतात ती फक्त या वरच्या साठ्याची. तो संपला की आकडा शून्य, आणि तळाच्या साठ्यातून उचलायला लागलं की आकडा उणे. म्हणजे उणे साठ असताना तळातलं साधारण ३२ टीएमसी गेलेलं असतं आणि हिशेबानं तेवढंच खाली उरलेलं असतं, अर्थात त्यात गाळही आला. काळजी करण्यासारखीच स्थिती, पण घागरी घेऊन धावत सुटण्यासारखी नाही.

हे एवढं समजावून सांगितलं नाही, तर काय होतं? बाई भीतीपोटी घरातलं प्रत्येक भांडं, पिंप, बादली भरून ठेवते. झाकणं पुरत नाहीत. चार दिवसांनी नवं पाणी आलं की ‘शिळं’ म्हणून साठवलेलं ओतून देते. उघड्या पिंपात डासांच्या अळ्या होतात आणि मग डेंगी. आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवा, असं आरोग्य खातं सांगतं. पण पाणी नक्की कधी येणार याचा भरवसा नसेल, तर कुठली बाई पिंप रिकामं करेल? वेळेवर आणि खरी माहिती मिळाली तर पाणीही वाचेल आणि आजारही टळेल. जनसंपर्काच्या कामाला मी कमी लेखत नाही ते यासाठी.

‘स्थिर आहे म्हणून सांग’

चौघींपैकी एक जण पूर्वी एका खाजगी हॉस्पिटलात जनसंपर्क अधिकारी होती. हॉस्पिटलचं नाव सांगायचं कारण नाही. तिचं टेबल लॉबीत, दारासमोर. पेशंट आला की कागद कुठं करायचे, डिपॉझिट किती, आयसीयूत भेटायची वेळ कोणती, डॉक्टर कधी भेटतील, हे सगळं तिनं सांगायचं. कंपनीचे विमे, कॅम्पची पत्रकं, डॉक्टरांच्या व्याख्यानांची निमंत्रणं, तेही तिच्याकडेच. रात्री अकराला फोन यायचा, ‘मॅडम, आमच्या पाहुण्याला बेड मिळेल का?’

एक दिवस खेड्यातून आलेल्या एका पेशंटची तब्येत दुपारी एकदम खालावली. खाली पंधरा-वीस नातेवाईक बसलेले. वरून निरोप आला, ‘प्रकृती स्थिर आहे म्हणून सांग. संध्याकाळपर्यंत वेळ काढ.’ तिला माहीत होतं की स्थिर नाही. ती मला सांगत होती, ‘‘ताई, मी जर स्थिर म्हणाले असते आणि चार वाजता माणूस गेला असता, तर त्या लोकांनी आयुष्यभर हेच धरलं असतं की स्थिर असलेला माणूस ह्यांनी मारला. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत मीच बसणार होते.’’ तिनं खाली काहीच सांगितलं नाही. ती वर गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, ‘पाच मिनिटं खाली चला, तुम्ही स्वतः सांगा. मी शेजारी उभी राहते.’ डॉक्टर आधी चिडले, पण आले. घरातल्या थोरल्या दोघांना बाजूच्या खोलीत बसवून त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. रडारड झाली. पेशंट रात्री गेला. पण काच फुटली नाही की कुणावर हात उगारला गेला नाही. जाताना त्यातल्या एका म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

व्यवस्थापनानं मात्र दुसऱ्या दिवशी तिला बोलावून समज दिली, ‘सांगितलं तेवढंच करायचं.’ सहा महिन्यांनी तिनं ती नोकरी सोडली. आता जिथं आहे तिथं पगार थोडा कमी आहे. तिच्या घरी यावरून वाद झाला, नवरा आठ दिवस बोलत नव्हता. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण या क्षेत्रात खरं बोलणं फुकट मिळत नाही. पगार देणारा एकीकडे आणि समोर उभा असलेला माणूस दुसरीकडे, आणि आपण मधे. हा ताण रोजचा असतो, लहान-मोठा एवढाच फरक.

आपल्याकडे डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला २०१० चा कायदा आहे. त्याचा फलक, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड वगैरे, हॉस्पिटलांत ठळक अक्षरांत दिसतो. हल्ला करणं चूकच, त्यात दुमत नाही. पण रुग्णांच्या हक्कांची सनदही दर्शनी भागात लावायची असते, ती कितीदा तुमच्या नजरेला पडली? ज्या दवाखान्यात दोन्ही फलक सारख्याच आकाराचे असतील, तिथल्या जनसंपर्क अधिकाऱ्याचं काम निम्मं सोपं होईल, असं मला वाटतं.

पद नसलेल्या जनसंपर्क अधिकारी

आता मला ज्यांच्याबद्दल खरं लिहायचंय त्या बायका. यांच्या टेबलावर पाटी नसते, पुष्कळदा टेबलच नसतं.

२ जुलै २०१२ ला राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात एक ‘आरोग्यमित्र’ बसतो, पुष्कळदा बसते. कुठलं रेशन कार्ड चालतं, नावात फरक असेल तर काय करायचं, हा आजार योजनेत आहे का, मंजुरी आली का, हे ती दिवसभर सांगत असते. मी अनेक बायकांना तिच्या खिडकीशी नेलंय. एका आरोग्यमित्र ताईंची पद्धत मी मनोमन नोंदवून ठेवलीय. त्या ‘कागद अपुरे आहेत’ असं कधीच म्हणत नाहीत. कोऱ्या चिठ्ठीवर नेमके कुठले दोन कागद, ते कुठं मिळतात आणि तिथं जायची वेळ काय, हे लिहून देतात. चिठ्ठी घेतलेली बाई वाचू शकत नसली तरी वाटेत कुणालाही दाखवू शकते.

दुसऱ्या आपल्या आशा ताई. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून हे पद आलं. पगार नाही, कामावर मोबदला. एप्रिल २०२० मध्ये सोलापुरात कोरोना शिरला तेव्हा रोज संध्याकाळी आकडे यायचे, शहराचे महापालिकेकडून, ग्रामीणचे जिल्हा आरोग्य विभागाकडून. ते आकडे बनवणाऱ्या, तपासणाऱ्या माणसांनी रात्री-अपरात्री काम केलं, त्याचं मोल आहेच. पण आकड्यांनी भीती जात नव्हती. ‘तपासायला नेलं की परत पाठवत नाहीत’, ‘घराला पत्रे ठोकतात’, असल्या गोष्टी मोबाईलवरून गल्लीगल्लीत फिरत होत्या. त्या थोपवल्या त्या दारात जाऊन. त्या वर्षी १५ सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम झाली. घरोघरी जाऊन ताप मोजायचा, बोटाला मशीन लावून ऑक्सिजन बघायचा. आमच्या भागातल्या एका आशा ताईला पहिल्या दिवशी लोकांनी दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती मशीन आधी स्वतःच्या बोटाला लावून दाखवायला लागली. ‘‘हे बघा, माझं सत्त्याण्णव. तुमचं बघू?’’ दारं उघडली. तिला जनसंपर्क हा शब्द कुणी शिकवलेला नव्हता.

आणि आषाढीची वारी! माउलींची पालखी धर्मपुरीला आपल्या जिल्ह्यात शिरते, तुकोबांची नीरा ओलांडून अकलूजकडे येते. लाखो माणसं, त्यांना पाणी कुठं, दवाखाना कुठं, शौचालय कुठं, मुक्काम कुठं, हे कळवायची तयारी कितीतरी आधीपासून चालते. कर्नाटकातूनही वारकरी येतात, त्यामुळे मराठीच्या जोडीला कन्नड लागते. पंढरपुरात चुकलेल्या माणसांसाठी लाऊडस्पीकरवर पुकारा चालू असतो. एखादी म्हातारी पोलीस चौकीत बसलेली असते, गावाचं नाव सांगता येतं पण तालुका येत नाही. तिच्याशी तासभर बोलून, तिच्या बोलण्याच्या हेलावरून, दिंडीच्या नावावरून तिची माणसं शोधून देणारी महिला पोलीस मी पाहिलीय. नुसत्या ऐकण्यावर तिनं माणूस जोडला. बोलण्याइतकंच ऐकणंही या कामात असतं, हे आपण विसरतो. लोकांचं म्हणणं आत नेऊन पोचवलं नाही, तर उरतो तो फक्त भोंगा.

मुलीच्या आईला

म्हणून मला विचारणाऱ्या आयांना मी आता जरा तपशिलात सांगते. काम चांगलं आहे, पण एसीत बसून हसायचं नाही. सणाच्या दिवशी सगळे घरी असताना ही कार्यक्रमात असेल, कारण कार्यक्रम सणालाच असतात. तिचा मोबाईल नंबर गावभर असेल. रात्री दहानंतर ‘जेवलात का मॅडम?’ असले मेसेजही येतील. त्याला काय उत्तर द्यायचं आणि कुठल्या क्षणी तक्रार करायची, हे घरच्यांनी तिच्या बाजूनं उभं राहून ठरवलं पाहिजे. कामाच्या ठिकाणी छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. मुलाखतीच्या वेळीच समितीत कोण आहे ते विचारायला शिकवा. पुष्पगुच्छ द्यायला, आरतीचं ताट धरायला फक्त तिलाच पुढं केलं जाईल. आमची ती कात्रणांवाली मैत्रीण यावर हसत म्हणते, ‘‘पुष्पगुच्छ मी देते सर, पण मीटिंगमध्येही मी बसते.’’ हे वाक्य पाठ करून ठेवण्यासारखं आहे.

मुलीची तयारी काय हवी? मराठी शुद्ध आणि साधी. आपल्या गावात तेलुगू किंवा कन्नड येत असेल तर ती लपवू नका, तो दागिना आहे. रोज दोन पेपर वाचायची सवय. आकड्यांची भीती नको, कारण टक्केवारी समजली नाही तर ती समजावणार कशी? आणि घरून एवढी मोकळीक, की चुकीचं बोलायला लावणारी नोकरी सोडून आली तर तिला कुणी टोचून बोलणार नाही.

आपल्यासाठीही दोन गोष्टी सांगते. कार्यालयात दोन वेगळे अधिकारी असतात. जनसंपर्क अधिकारी तोंडी, लगेच माहिती देतो. जनमाहिती अधिकारी हा २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातला. त्याच्याकडे दहा रुपये भरून लेखी अर्ज केला, की ३० दिवसांच्या आत उत्तर द्यावं लागतं. पहिल्याकडे काम झालं तर दुसऱ्याकडे जायची वेळच येत नाही, आणि नाही झालं तर तो रस्ता आपल्या हक्काचा आहे.

दुसरी गोष्ट साधी. खिडकीवरच्या ताईनं ‘चारपर्यंत सांगते’ म्हटलं आणि चारला खरंच सांगितलं, तर तिच्या साहेबांना दोन ओळी लिहून कळवा. तक्रारी तर सगळेच करतात. आमच्या मंडळानं गेल्या वर्षी अशी तीन पत्रं पाठवली. त्यातली एक ताई मला नंतर बाजारात भेटली. ते पत्र साहेबांनी नोटीस बोर्डावर लावलं होतं म्हणाली. आता तिच्या शेजारच्या खिडकीवरचे गृहस्थही लोकांना चिठ्ठी लिहून द्यायला लागलेत.